दत्तूच्या टाकीतली लाल साय

दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा माझा धाकटा भाऊ दत्तू तोंडावरची नळी बाजूला सारून एवढंच म्हणाला, "आक्का, आठ दिवस काय न्हाय घातलं तरी मासं मरत न्हाईत गं." मला वाटलं, औषधाच्या गुंगीत आहे. "व्हय रं, व्हय," म्हणत मी त्याच्या तोंडात चमच्या-चमच्यानं मोसंबीचा रस घालत राहिले. तोही त्यानं निमूट गिळला... दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. त्याला आता दीड महिना होतोय आणि ते एक वाक्य काही माझ्या डोक्यातून जात नाही. जाणारा माणूस बायकोचं बोलतो, पोरांचं बोलतो. हा माशांचं का बोलला? आणि माझ्याशीच का?

दत्तू शाळेत विज्ञान शिकवायचा. निवृत्त झाल्यावर त्यानं टिळकवाडीतल्या घराच्या बाहेरच्या खोलीत समुद्र आणून ठेवला. घाट उतरल्याशिवाय जिथं समुद्र दिसत नाही, त्या बेळगावात! गाळलेल्या पाण्यात मोजून मीठ विरघळवायचं, वर निळा दिवा, आत प्रवाळ आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे. माझे मालक गेल्यावर मी त्याच्याकडेच राहायला आलते. प्रवाळ बघून मी म्हटलं, "दगडं झ्याक हाईत रं." तर तो आणि त्याची बायको सुमन पोट धरून हसली. "दगडं न्हवं आक्का, जीव हाय त्यो." जीव आहे म्हणजे भूकही असणार, हा शोध मात्र मी एकटीनं लावला, आणि कुणाला सांगितला नाही.

मी आल्यावर काही महिन्यांतच टाकीतल्या वाळूवर लाल साय धरली. दुधावर धरते तशीच, फक्त रंग बिटाच्या रसाचा, आणि तिच्यावर बारीक बारीक बुडबुडे. मी म्हटलं, शेवाळ दिसतंय. तर म्हणे, "शेवाळ न्हवं, जिवाणू हाईत. दिसायला शेवाळासारखं, म्हणून माणूस फसतंय." मी हळद टाकू का विचारलं. पुढं दोन वर्षं तो त्या सायीच्या मागं लागला होता. नळीनं ओढून काढायचा, चार दिवसांत परत. पाणी बदललं. पाणी फिरवणारा आणखी एक पंप बसवला. दिवा नवा आणला. काचेच्या नळ्यांत थेंब टाकून पाण्याचा रंग तपासत बसायचा आणि मान हलवायचा. साय हळूहळू प्रवाळावर चढायला लागली तसा त्याचा चेहरा उतरला. "हे मेलं तर परत न्हाय याचं गं आक्का," म्हणाला होता एकदा.

मग त्यानं तीन दिवस दिवा बंद करून टाकीवर गोधडी पांघरली. उजेड नसला की ही साय मरते म्हणे. आणि मी? सत्तरी ओलांडलेली बाई, दुपारी सगळे झोपले की चोरपावलांनी जाऊन त्या गोधडीखाली हात घालत होते. अंधारात बिचारी उपाशी! एक चमचा माशांना, एक दगडांना. साय गेली, आणि आठवड्यात पुन्हा हजर. दत्तू कपाळाला हात लावून बसला आणि मी शेजारी बसून म्हणत होते, "कुणाची तरी नजर लागली बघ."

एकदा मात्र तो टाकीसमोर उभा राहून म्हणाला, "गंमत बघ. मी आलो तर हे हलत न्हाईत. तू आलीस की काचंला येऊन भिडत्यात." मी काय फुलले सांगू! मला वाटलं, माझ्या मायेची तारीफ चाललीय.

तो गेला. घरात माणसांची ये-जा, दिवसकार्य... दहा-बारा दिवस टाकीकडं कुणी बघितलंच नाही. तेराव्यानंतर घाबरत घाबरत गेले, तर मासे ठणठणीत, वाळू पांढरी, साय बोटभर कोपऱ्यात उरलेली. मी सुमनला हाक मारली. "अगं, ह्यानं एवढं करून गेली न्हाय आणि आता आपोआप कशी गेली?"

सुमन म्हणाली, "उरलेलं खाणं खाली कुजतंय आक्का. त्याच्यावरच ती पोसती. हे म्हणायचे."

"मग ह्यो लई घालत होता का?"

"हे न्हवं," ती म्हणाली. खाण्याच्या डब्यातला चमचा काढून तिनं माझ्या हातावर ठेवला. "पहिल्यांदा चहाचा चमचा होता. मग त्यांनी मिठातला ठेवला. मग ह्यो."

चमचा कसला, कानकोरणं! रोज चोरून घाईत हातात धरलेला, आज पहिल्यांदा नीट बघितला. निपाणीत आमचे आप्पा तंबाखूच्या वखारीत होते, त्यांच्या चुन्याच्या डबीतला. चमचे हरवतात म्हणून मी तर सुमनलाच बोल लावले होते. आणि त्या तिथं उभ्या उभ्या मला निपाणीतलं घर आठवलं. दत्तू सहा वर्षांचा, विषमज्वरानं निजलेला, डॉक्टरांनी पेजेवर ठेवलेला. अकरा वर्षांची महाशहाणी मी, गोधडीखाली हात घालून त्याला शेंगदाण्याचा लाडू चारत होते. ताप उसळला. आप्पांनी विचारलं, "कुणी दिलं?" उठून बसायचीही ताकद नसलेलं पोर म्हणालं, "मीच घेतलं फळीवरनं." आणि मी परकराला हात पुसत गप्प.

"ठाऊक होतं तर मला बोलला का न्हाय?" मी सुमनला विचारलं.

"मला काय ठाऊक? एकदा मी म्हटलं, आक्कांना सांगा. तर म्हणाले, राहू दे. मालक गेल्यापासनं मागच्या खोलीतनं हिकडं माशांसाठी तरी येती."

खरंच एवढ्यासाठी? का मला बोलायचा धीर झाला नाही त्याला? का माझ्यावर मनातून चिडून होता? दोन वर्षं त्याचा जीव त्या प्रवाळात अडकलेला, आणि एका शब्दात मिटणारी गोष्ट त्यानं चमचे बदलत काढली. कुणाला विचारू आता? उत्तर देणारा एकच, आणि तो पहिल्यापासूनच माझं नाव न घेणारा.

आज सकाळी टाकीपाशी गेले. दोघंही काचेला येऊन भिडले. चुन्याचा चमचा भरून एकदा घातलं. हात सवयीनं परत डब्यात गेला... तसाच धरून उभी राहिले. मग चमचा झटकून आत टाकला, झाकण लावलं आणि काचेवर टिचकी मारून म्हटलं, "मरत न्हाईसा तुम्ही." मासे काही हलले नाहीत. मीही नाही.