एकशे बहात्तर पाउंडांचा माणूस

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. एक सांगायला घेतला की मागून आणखी चार येऊन उभे राहतात! आता आम्ही राहतो त्या अर्विंग शहरात आमच्या पार्ट्यांमध्ये जो तो आपल्या कंपनीतल्या कॉम्प्युटरच्या गमती सांगतो. माझे सगळे किस्से मात्र आयोवातल्या तीनशे वस्तीच्या एका गावातले. मी तोंड उघडलं की सुनंदा, म्हणजे आमची मंडळी, म्हणते, "झालं! काढला ह्यांनी काटा!"

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. गावात एक चर्च, एक पोस्ट, चहूबाजूंनी मका आणि वजनकाट्यांचा कारखाना. गुरं, धान्य, पोती तोलायचे मोठे काटे तिथे बनत. मी तिथे इन्स्पेक्टर होतो.

*

इंटरव्ह्यूला फोरमन गसने माझ्या डिग्रीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. मला काट्यावर उभं केलं, आकडा बघितला आणि म्हणाला, "एकशे अडतीस. चालेल."

दुसऱ्या दिवशी आम्ही पोस्टात गेलो. खिडकीतल्या बाईने मला बघून मान डोलावली. "अडतीस!" मग सुनंदाकडे एकदाच बघितलं. "आणि तू एकशे बारा."

बाहेर आल्यावर सुनंदाने पदर अंगभर लपेटून घेतला. मग म्हणाली, "आकडा बरोबर आहे हो. पण हे मी अजून तुम्हालाही सांगितलेलं नाही!"

*

आमची मुलगी झाली तेव्हाची गोष्ट. त्या गावात तान्हं बाळ कारखान्यात आणून तोलायचा रिवाज होता. सुनंदा आधी तयारच नव्हती, बाळाचं वजन चारचौघांत करतात का कधी! शेवटी नाइलाजाने तिने पोरीच्या गालावर काजळाची ठसठशीत तीट लावली आणि आली.

गसने पोरीला घेतलं, तीट बघितली आणि रुमालाने पुसून टाकली. "काट्यावर डाग चालत नाही!"

पोर गाढ झोपलेली. दारं बंद, पंखा बंद. आणि काटा काही केल्या थांबेना. सात, नऊ, सहा, अकरा... गसने तिला तीनदा उचलून परत ठेवलं. सुनंदाचा चेहरा पांढराफटक पडला. ती पुढे झाली, पर्समधली डबी काढली आणि पुन्हा तीट लावली.

काटा आठावर येऊन उभा राहिला.

चार दिवसांनी गस आमच्या दारात. टोपी हातात, नजर खाली. "एक काटा स्थिर होत नाहीये. ते काळं थोडं मिळेल का?"

*

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची तक्रार आली. डुकरं तोलायचा त्याचा काटा रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला रिकामा असताना चाळीस पाउंड दाखवतो!

मी गेलो. सगळं खोलून पाहिलं, वंगण घातलं, शून्यावर आणला. पाच वाजले आणि काटा हलला. अडतीसवर थांबला. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. हा शब्द मराठीत दोन्हीकडे चालतो, त्याला मी काय करू!

म्हातारा म्हणाला, "कुत्रा बसायचा तिथे. मार्चमध्ये गेला."

मी चाचरत म्हटलं, "नवा काटा पाठवू का?"

"नको नको. एवढंच सांग, काटा बरोबर आहे ना? गेल्या आठवड्यापासून दोन पाउंड कमी भरतोय. काही खात नाहीये वाटतं."

*

आता वॉल्टर. ह्या माणसाबद्दल सांगताना माझी चेष्टा आपोआप कमी होते.

नवा काटा तयार झाला की आधी लोखंडी वजनं ठेवून तपासायचा. पण शेवटची तपासणी वॉल्टरची. तो काट्यावर उभा राहायचा, काटा एकशे बहात्तरवर थांबायचा आणि मग लेबल लागायचं. गस म्हणायचा, "लोखंड श्वास घेत नाही. गिऱ्हाइकाची गाय घेते!"

एकोणीस वर्षं वॉल्टर बरोब्बर एकशे बहात्तर पाउंड होता. ॲपलपाय सोडला, बिअर सोडली, लेकीच्या लग्नातला केक नुसता हुंगला. मी एकदा थट्टेने विचारलं, "कंटाळा नाही येत?"

"सगळे बदलतात," तो म्हणाला. "कोणीतरी एकाने बदलायचं नाही."

त्या शरद ऋतूत तो काट्यावर चढला आणि मला बारीक खळखळ ऐकू आली. आकडा एकशे बहात्तर. सगळे गेल्यावर मी त्याला थांबवलं. त्याने निमूटपणे कोट उघडला. आत कापडाच्या चार पिशव्या शिवलेल्या होत्या. शिशाचे छर्रे! वजनं अचूक करायला आम्ही वापरायचो तेच.

"पोटात काहीतरी आहे," तो म्हणाला. "खरा मी एकशे पन्नास उरलोय."

काटे चुकले नव्हते. छर्रे त्याने मोजूनमापून भरले होते. तरी मी इन्स्पेक्टर ना! ताठ्यात म्हटलं, "वॉल्टर, हे बंद."

त्याने कोट लावला. "बंद. पण शेवटच्या दिवशी माझ्या नावापुढे एकशे बहात्तर लिही. तेवढंच मी ह्या जगात नीट केलंय."

मला तेव्हा नुसतं हो म्हणता आलं असतं. काय बिघडलं असतं? मी म्हटलं, "काटा दाखवेल ते लिहीन." ह्या एका वाक्याची मला आजही लाज वाटते.

*

फेब्रुवारीत वॉल्टर गेला. शेवटी शेवटी तो इतका वाळला होता की त्याची बायको अर्लीन त्याला एकटी उचलून खुर्चीत बसवायची.

गावाची रीत अशी, की कारखान्यातला माणूस गेला की पुरायला नेण्याआधी पेटी एकदा काट्यावर ठेवायची. रिकाम्या पेटीचं वजन आधीच वजा केलेलं असतं. माणसाचं तेवढं येतं. ते इन्स्पेक्टरने वहीत लिहायचं आणि मोठ्याने वाचायचं.

काटा मीच सकाळी लोखंडी वजनांनी तपासला होता. सहा जणांनी पेटी ठेवली आणि ते मागे सरले. भर दुपार, सगळं गाव उभं. काटा निघाला. शंभर ओलांडले, सव्वाशे ओलांडले, दीडशेही ओलांडले. एकशे बहात्तरवर तो थांबला आणि जरासुद्धा थरथरला नाही.

मी पेटी उचलायला लावली. काटा परत मूळ जागी. पुन्हा ठेवायला लावली. एकशे बहात्तर.

मी अर्लीनजवळ गेलो आणि हळूच म्हटलं, "अर्लीन, त्या पिशव्या त्याच्या कोटात असतील तर मला सांग. मी वाचताना एकशे बहात्तरच वाचेन. आज मी खोटं वाचेन, शप्पथ. फक्त मला माहीत असू दे."

तिने माझ्याकडे जरा नवलाने बघितलं. मग हातातली कापडी थैली माझ्यापुढे धरली.

"बरी आठवण केलीस," ती म्हणाली. "कंपनीच्या आहेत, म्हणून परत द्यायला आणल्या. चारही आहेत, मोजून घे."