केरसुणीवरचं पाणी

मॅडमनी तांब्यातलं पाणी बोटांनी केरसुणीवर शिंपडलं. मग ती उचलली. आधी नाही.

कॉलेजच्या आवारात, लिंबाखाली. मॅडम म्हणजे आमच्या पर्यावरण विभागाच्या प्रमुख. समोर खुर्च्यांवर परदेशातली बारा पोरं, हातात वह्या. त्यांचे सर कॅमेऱ्यापाशी. आणि खाली फरशीवर माझी आई. शिंदीची पानं कुटून, फाडून, मूठ आवळून तिनं सगळ्यांदेखत केरसुणी बांधली. झाली तशी खाली ठेवली आणि हात मागं घेतला. ठेव म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. जन्माची सवय. मांगाच्या बाईनं केरसुणी हातात द्यायची नसते. खाली ठेवायची. घेणाऱ्यानं पाणी मारून उचलायची.

मी शेजारी उभी होते. आईचं बोलणं इंग्रजीत सांगायला.

हे सगळं मीच ओढवून घेतलं होतं. त्या परदेशी विद्यापीठाचा दोन आठवड्यांचा कोर्स सोलापुरात चालला होता. विषय शाश्वत जीवनशैली. त्यांची पोरं इथं येणार, आम्हाला बघणार, लिहिणार, मार्क घेऊन परत जाणार. बदल्यात आमच्यातले दोघं तीन आठवडे त्यांच्याकडं. परीक्षेत मी पहिली आले होते. पासपोर्ट आला त्या दिवशी आईनं तो लग्नातल्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवला. आता फक्त मॅडमचं शिफारसपत्र बाकी होतं.

निवडीसाठी निबंध लिहायचा होता. मी आईच्या केरसुणीवर लिहिला. एक खिळा नाही, प्लॅस्टिकचा धागा नाही, झिजली की चुलीत जाते. मोठ्या ऐटीत लिहिलं. पाण्याचं मात्र लिहिलं नाही. लाज वाटली. परक्या लोकांना आपल्या घरातली घाण कशाला दाखवायची, असं वाटलं. ती घाण आमच्या घरातली नव्हतीच, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. त्या लाजेचा मला आजही राग येतो.

निबंध वाचून मॅडम खूश झाल्या. "आईलाच घेऊन ये. लाइव्ह डेमो होईल," म्हणाल्या. आई दोन दिवस हरखलेली. होटगीच्या मावशीला फोन करून सांगत होती, "पोरीच्या कालेजात बोलीवलंय मला. गोरी मानसं येनार हायती."

तर मॅडमनी केरसुणी उचलली, कपाळाला लावली आणि हसल्या. एका मुलीनं हात वर केला. पाणी का शिंपडलं, हे केरसुणी बांधणाऱ्या बाईंनाच विचार, असं मला म्हणाली. मी आईला विचारलं. आईनं मॅडमकडं पाहिलं, मग माझ्याकडं. साधेपणानं म्हणाली, "आमचा हात लागतुया न्हवं. म्हून."

मॅडम घाईनं मला म्हणाल्या, "असं सांग, निसर्गाकडून घेताना आम्ही आधी त्याला वंदन करतो."

दोन वाक्यं. एक आईचं, एक मॅडमचं. मला एकच सांगायचं होतं. मी आईचं सांगितलं. शब्दाला शब्द.

त्या मुलीचा पेन थांबला. मला वाटलं, आता काहीतरी होणार. झालं ते असं. त्यांचे सर म्हणाले, "फार ताकदीचं आहे हे. पुन्हा एकदा करता येईल का? पाण्याचे थेंब नीट आले नाहीत कॅमेऱ्यात."

मॅडमचा जीव भांड्यात पडला. त्यांनी केरसुणी आईपुढं टाकली. "हं, उचल आणि ठेव परत."

आईनं उचलली. ठेवायला वाकली. मी तिच्या हातातून ती काढून घेतली आणि मॅडमसमोर धरली.

"हातातून घ्या, मॅडम."

मॅडमचे हात पाठीमागं गेले. आवाज खाली आणून म्हणाल्या, "नाटकं करू नकोस. तुझं पत्र अजून माझ्या टेबलावर आहे."

काय जाणार आहे ते मला कळत होतं. पेटीतलं लुगडं डोळ्यांपुढं आलं. तरी हात खाली घेतला नाही. मॅडमनीही घेतली नाही. मग चहा आला आणि सगळे उठले. कोर्स शाश्वत, म्हणून सगळ्यांना धुऊन वापरायचे काचेचे पेले. आईला एकटीला कागदी कप.

रिक्षात आई म्हणाली, "पानीच व्हतं की. त्यानं अंग जळत न्हाय. इमानात बसली असतीस."

तिसऱ्या दिवशी यादी लागली. माझं नाव नव्हतं. कारण, वर्तणूक. मी संडासात जाऊन रडले. मला जायचं होतं, खोटं कशाला बोलू.

पुढं त्या कोर्सची पुस्तिका विभागात आली. मुखपृष्ठावर आईचे हात, शेजारी केरसुणी, तिच्यावर थेंब. खाली इंग्रजीत छापलेलं, निसर्गाला वंदन. आईचं वाक्य आत कुठंच नाही. बारा जणांनी ऐकलं होतं. बाराच्या बारा जणांनी गिळलं.

परवा लक्ष्मीपूजन झालं. त्या दिवशी गावातल्या लोकांना आमची केरसुणी लक्ष्मी म्हणून लागते. बाजारात आईच्या जागेवर मी बसले. पहिली बाई आली, म्हणाली, "ठेव खाली." मी केरसुणी तिच्यापुढं धरली. "हातातून घ्या." तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि पलीकडच्या दुकानात गेली. दुसरीही गेली. तिसरी शिव्या देऊन गेली. आई शेजारी कपाळाला हात लावून बसलेली. "असं केल्यावर खायाचं काय?" तिचं खरंच होतं.

संध्याकाळी सगळा भारा डोक्यावर घेऊन मी घरी आले. एकही केरसुणी खाली ठेवली नाही. पुढच्या दिवाळीतही ठेवणार नाही. ज्यांना आमचा हात चालत नाही, त्यांनी आपल्या घरातला केर आपल्याच हातांनी भरावा.