न लावायची कडी

पीटीच्या बाई कुठल्याही मुक्कामाला पोहोचल्या की पाठीवरचं ओझं उतरवायच्या आधी दाराच्या आतल्या कडीला हात लावत आणि आम्हा मुलींना बजावत, "ही लावायची नाही." मग दार नुसतं लोटून घेत आणि स्वतःची वळकटी त्याला आडवी टाकत. धर्मशाळा असो, जंगलातली चौकी असो, नाहीतर पहाडातली दगडी खोली, बाई झोपणार त्या दारातच. फटीतून येणारा वारा त्यांच्या पाठीला लागे. कुणी कुरकुर केली तर म्हणत, "जो येईल तो आधी मला तुडवून येईल ना? मग तुम्ही काहून घाबरून राहिल्या?"

जबलपूरच्या मुलींच्या शाळेत त्या खेळ शिकवत. गावातल्या घमापूर मोहल्ल्यात एका खोलीत एकट्याच राहत. राज्यं वेगळी झाली तेव्हा त्यांचे भाऊ नागपूरला निघून गेले, महाराष्ट्रात. बाई राहिल्या. घरी मराठी, दाराबाहेर हिंदी, अशी आमच्यासारखीच त्यांचीही जीभ झाली होती. मात्र आमच्या घरच्या बायका दिवाळीच्या सुट्टीत अनारसे करत आणि बाई तेव्हा मुलींना घेऊन हिमालयात जात. मुलींना कोण पाठवणार, असं सगळे म्हणत, तरी दरवर्षी सहा-सात जणी निघतच.

चालताना त्यांचा एक हट्ट असे. सगळ्यात हळू चालणारी मुलगी सर्वांत पुढे. तेज चालणाऱ्यांनी तिच्या मागे मुकाट्यानं रांगायचं. "मागे राहणारीला कोणी बघत नाही. पुढे असली की सगळ्यांना दिसते," हे त्यांचं कारण. मी अकरावीत होते, तेज चालायची, आणि या नियमाचा मला मनस्वी राग यायचा. त्या वर्षी पुढे सुधा होती. दर वीस पावलांवर थांबणारी.

पिंडारी हिमनदीच्या वाटेवर दिवसभराच्या चालीवर एकेक सरकारी बंगला होता. बंगला म्हणायचा एवढंच, खरं तर जाड दगडाच्या भिंती, वर पत्रा, आत एक चूल नि लाकडी फळ्यांची शेज. शेवटच्या बंगल्याला पोहोचलो तेव्हा झाडं संपली होती. चौकीदार रेशन आणायला खाली गावात गेलेला. आम्ही सात मुली, बाई आणि सामान वाहणारा तिथलाच माणूस धनसिंग, एवढेच त्या उजाड कड्याखाली होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बर्फ सुरू झाला. सुधाचं डोकं ठणकत होतं, दोनदा उलटी झाली. दुपारपर्यंत लाकडं संपत आली. बाईंनी दोर कमरेला गुंडाळला. "मी धनसिंगसोबत खाली झाडांपर्यंत जाऊन येते. एक घंटा लागेल. तू मोठी आहे, दाराकडे तू बस." कडीकडे त्यांनी बोटसुद्धा दाखवलं नाही. दाखवायची गरज वाटली नसावी.

त्यांची पावलं ऐकू येईनाशी झाली आणि मी कडी लावली.

अर्धा तास गेला असेल. दारावर काहीतरी आपटलं. वारा असेल, असं वाटलं. मग काठीनं ठोकल्याचा आवाज, आणि एका पुरुषाचा घोगरा स्वर. "कोई है? दरवाज़ा खोलो!" आम्ही एकमेकींना बिलगलो. दुसराही आवाज आला, म्हणजे दोघे होते. "धुआँ तो निकल रहा है। अंदर कोई है।" सुधा हुंदका देणार एवढ्यात मी तिच्या तोंडावर हात दाबला. मला घरातलं, गल्लीतलं, परक्या पुरुषांबद्दल आजवर ऐकलेलं सगळं आठवत होतं. सात मुली, मोठं माणूस कुणी नाही. काठी पुन्हा वाजली. मग थोडी हळू. मग पहिला म्हणाला, "चल, आगे देखते हैं।"

पुढे काहीही नव्हतं. बर्फच होता फक्त. हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी उठले नाही.

थोड्या वेळानं बाईंची हाक आली. मी कडी काढली. बाईंनी आधी कडीकडे पाहिलं, मग खाली वाकून पायरीवरच्या बर्फाकडे.

"कोण आलं होतं?"

मी 'कुणी नाही' म्हटलं असतं तर एकही मुलगी माझ्याविरुद्ध बोलली नसती. "दोन माणसं," मी म्हणाले. "मी उघडलं नाही."

बाईंनी लाकडं तिथंच टाकली. मला त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. "चलो भैया," एवढं त्या धनसिंगला म्हणाल्या, दोराचं एक टोक त्याच्या कमरेला बांधलं आणि जाता जाता माझ्या हातात पितळी थाळी आणि पळी दिली. "दारात उभी राह आणि ही वाजवत राह. थांबायचं नाही. आम्हाला बंगला दिसणार नाही, आवाज तरी येईल."

मी दारात उभी राहिले. दहा हातांपलीकडे सगळं पांढरं. थाळी वाजवत होते, आणि प्रत्येक ठोक्याला वाटत होतं की आता चार माणसं मरणार, त्यात आपल्या बाईही. हात सुजले तेव्हा सुधा उठून आली. डोकं धरूनच. म्हणाली, "इकडे दे." मी दिली नाही. मग तिनं दुसरी थाळी घेतली आणि आम्ही दोघी वाजवत राहिलो. उजेड उतरायला लागला. आत कुणीतरी रडत होतं, कुणीतरी चुलीत लाकूड घालत होतं. शेवटी वरच्या अंगाला एक काळा ठिपका हलला.

दोराला चौघे होते. बकऱ्या सोबत्यांबरोबर खाली पाठवून मागे राहिलेले, बर्फात वाट चुकलेले दोघे मेंढपाळ भाऊ. बंगल्यापासून तीनशे पावलांवर एका शिळेच्या आडोशाला बसले होते. मोठ्याला चालता येत होतं. धाकट्याला धनसिंगनं पाठीवर आणलं होतं. त्याच्या हाताची बोटं मेणासारखी झाली होती. मी घाईघाईनं ते हात चुलीकडे ओढायला गेले तर बाई ओरडल्या, "आगीजवळ नको! जळतील, त्याला समजणारही नाही." त्यांनी त्याचे दोन्ही हात आपल्या स्वेटरच्या आत, काखेत धरले आणि तशाच बसून राहिल्या. तो वेदनेनं कण्हायला लागला तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. "दुखून राहिलं ना? अच्छा है. म्हणजे जिवंत आहे."

त्याची दोन बोटं अर्धी गेली. बाकीचा माणूस वाचला. दोन दिवसांनी आभाळ मोकळं झालं, आम्ही सगळे बरोबरच खाली उतरलो. गावात त्याच्या म्हाताऱ्या आईनं बाईंचे पाय धरले. बाई मागे सरकल्या. मी दुसरीकडे पाहिलं.

जबलपूरला परतल्यावर सुधानं घरी हे सगळं अभिमानानं सांगितलं. तिच्या काकांनी त्यातलं एवढंच ऐकलं, की मुलींच्या खोलीत परके पुरुष झोपले आणि बाईंनी एका गड्याचे हात आपल्या स्वेटरात धरले. आठ दिवसांत शाळेच्या मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकेच्या, खोलीत पालक जमले. आम्हा मुलींना भिंतीकडे उभं केलं होतं. काका म्हणाले, "कोण, कुठले, कोणत्या जातीचे, हे तरी विचारलं होतं का?"

"नाही विचारलं," बाई म्हणाल्या. "मी लहान असताना एका धर्मशाळेनं आमची जात विचारली होती. थंडीचे दिवस, आईच्या मांडीवर माझा भाऊ. जात ऐकून त्यांनी आतून कडी लावली. तेव्हापासून मी विचारत नाही."

मोठ्या बाईंनी कागद सरळ केले. आता त्या मेंढपाळांना बाहेर शोधायला का जावं लागलं, हे बाई सांगतील, असं मला वाटलं. त्यांनी सांगितलं नाही. माझं नावच घेतलं नाही. मी म्हणाले, "दार मी लावलं होतं. ते आधी आले होते. मी आवाज ऐकूनही उघडलं नाही." बाबांनी माझा हात दाबला. मी पुन्हा तेच सांगितलं, यावेळी मोठ्यानं.

त्यानं काही बदललं नाही. सहली बंद झाल्या त्या झाल्याच. बाबांनी मला सायकलवरून घरी आणलं. अंगणात सायकल टेकवून आईला एवढंच म्हणाले, "रविवारी त्या बाईंना जेवायला बोलवू." आईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "पुरणाचं करते."

डोंगर हातचे गेले तेव्हा बाईंनी नदी धरली. रविवारी पहाटे त्या ग्वारीघाटाला मुलींना पोहायला शिकवत. आधी आम्ही तिघी होतो, मग वाढत गेलो. नावाडी हसत, घाटावर पूजा सांगणारे पंडे तोंड फिरवत. बाई कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून शिट्टी फुंकत. माझं लग्न जबलपुरातच झालं, शाळेत नोकरीही लागली, तरी मी जमेल तेव्हा जात असे.

निवृत्त झाल्यावर भावानं त्यांना नागपूरला बोलावून घेतलं. सामान बांधायला मी घमापुरात गेले. इतकी वर्षं विचारायचं राहून गेलेलं तेव्हा विचारलं, "बाई, तेव्हा तुम्ही मला काहीच बोलला नाहीत. राग नव्हता आला?"

"नव्हता? त्या बर्फात पाऊल टाकताना तुलाच शिव्या देऊन राहिली होती मी. बिचाऱ्या धनसिंगला मराठी येत नव्हती म्हणून बरं." त्या गाठोड्याची गाठ आवळत राहिल्या. "पण त्यांची पावलं अर्धी बुजून गेली होती. तू 'कोणी नाही' म्हटलं असतं, नाहीतर दहा मिनिटं रडत बसली असती, तर मला ती दिसलीच नसती. दार लावलं ते तू, आणि ते सापडले तेही तुझ्याचमुळे. दोन्ही तुझंच आहे. एक ठेवून दुसरं फेकता येत नाही."

स्टेशनवर त्यांनी मला डब्यात चढू दिलं नाही. गाडी हलता हलता खिडकीतून म्हणाल्या, "रविवारच्या मुली आता तुझ्या. मी त्यांना सांगून ठेवलं आहे."

"बाई, मला नाही जमणार. एखादी बुडाली तर?" मी गाडीबरोबर चालत होते.

त्यांनी काहीतरी उत्तर दिलं, पण ते चाकांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

रविवारी पहाटे मी ग्वारीघाटाला गेले. पायऱ्यांवर अकरा मुली टॉवेल घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्यातली सगळ्यात भित्री कोण ते पाहिलं, तिचा हात धरला आणि पाण्यात उतरले.