नैरोबीच्या शाळेसाठी डोंबिवलीत अपील

माझे मेहुणे हरिहर टिपणीस यांना १९५१ च्या जानेवारीत नैरोबीच्या रेल्वेत ड्राफ्ट्समनची नोकरी लागली. आणलेले पेढे संपायच्या आत आमच्या डोंबिवलीच्या बिऱ्हाडात वाद सुरू झाला, मुलांच्या शाळेचं काय? हेमा दहा वर्षांची, पाचवीत. आनंद सहा वर्षांचा, पहिलीत. मी मॅट्रिकच्या अभ्यासासाठी ताईकडे राहायला आलेले, त्यामुळे सगळा प्रकार माझ्या डोळ्यांदेखत घडला.

नैरोबीहून एका ओळखीच्या गृहस्थाचं पत्र आलं. तिथे आपल्या मुलांसाठी शाळा आहे, पण शिकवतात गुजरातीतून. वरच्या वर्गांत इंग्रजी. मराठीचं नाव नाही. हरिहरराव पेशाला जागले. त्यांनी मोठा कागद पसरून त्यावर तीन वाटा काढल्या. निळी वाट गुजराती शाळेची, तांबडी पाचगणीच्या बोर्डिंगची, हिरवी ठाण्याला भाऊंकडे ठेवण्याची. रंग सुरेख भरले होते. कुठल्या वाटेनं जायचं ते मात्र त्यांना सांगता येईना.

"तुम्हाला काय वाटतं?" ताईनं विचारलं.

"तांबडा जरा जास्त झालाय," ते म्हणाले.

भाऊ म्हणजे त्यांचे थोरले बंधू, ठाण्याच्या कोर्टात शिरस्तेदार. पत्नी वारलेली, मूलबाळ नाही. रविवारी ते आले, खुर्ची भिंतीला लावून बसले आणि मुलांच्या साक्षी घ्यायला लागले.

"हेमा, खरं सांग. माझ्याकडे राहशील?"

"राहीन. पण तुमच्याकडे रोज कारलं असतं."

"साखरेच्या आजाराला ते औषध आहे."

"मला कुठे आजार आहे?"

भाऊंनी हे कानाआड केलं. आनंदला विचारलं तर त्याला जिथे सिंह असतील तिथली शाळा हवी होती. तासाभरानं निकाल लागला. मुलं ठाण्यात राहतील, मराठी शाळेत शिकतील, आईवडिलांनी दर पंधरवड्याला पत्र पाठवावं. हरिहरराव मान डोलावून मोकळे झाले.

ताई उठून चहा करायला गेली. ती मराठी सातवी पास, आवाज कधी न चढवणारी बाई. भाऊंच्या हातात चहाचा कप देत ती म्हणाली, "भाऊ, तुमच्या कोर्टात अपिलाला मुदत किती असते?"

"का हो?"

"मला करायचंय."

भाऊ हसले आणि त्यांनी तीन महिन्यांची मुदत दिली. मे महिन्यात बोट होती.

दुसऱ्याच दिवशी ताई मुलांना घेऊन कल्याणला गेली. तिथे रतनबेन राहायच्या. नैरोबीत पंधरा वर्षं दुकान चालवून त्या नुकत्याच परतल्या होत्या. त्यांनी सांगितलं, शाळा चांगली आहे, मास्तर मारके नाहीत, पण गुजराती वाचता येत नसेल तर पोराला खालच्या वर्गात ढकलतात. ताईनं तिथेच ठरवलं. आठवड्यातून तीनदा कल्याणला गुजराती शिकायला यायचं. मोबदला म्हणून रतनबेनना भाजीवालीशी भांडण्यापुरतं मराठी शिकवायचं.

मग घरात काय धुमाकूळ! ताई भाकऱ्या थापताना पिठात गुजराती अक्षरं काढायची. "सोपं आहे गं वासंती," ती मला सांगायची, "आपलीच अक्षरं, फक्त डोक्यावरचा पदर काढलेला." हेमा भराभर शिकली. तिकडे रतनबेनही तयार झाल्या. एकदा त्यांनी भाजीवालीला "वांगी घरी नेऊन तुझ्या सासूला घाल" असं इतक्या स्वच्छ मराठीत सुनावलं की भाजीवालीनं हसत दोन वांगी जास्त घातली.

एप्रिलमध्ये अपील सुनावणीला आलं. ताईनं भाऊंसमोर गुजराती वर्तमानपत्र ठेवलं. हेमानं घडाघडा वाचलं. भाऊ चष्म्याच्या वरून बघत राहिले. त्यांना गुजरातीचं एक अक्षर येत नव्हतं.

"बरोबर वाचते की थापा मारते, मला कसं कळणार?" ते म्हणाले, आणि शेजारच्या गुजराती कापडवाल्याला त्यांनी साक्षीला बोलावलं. कापडवाल्यानं हेमाला शाबासकी दिली. मग आनंदची पाळी. त्यानं पेपर ऐटीत उघडला आणि वाचलं, "आज राजा मेला छे. राणी रडते छे. हत्ती जेवत नाय छे."

कापडवाल्यानं पेपरात डोकावून पाहिलं. ते पृष्ठ कापसाच्या बाजारभावांचं होतं. तो हसता हसता खालीच बसला.

भाऊंना मात्र हसू आलं नाही. ते हळूच म्हणाले, "मला वाटलेलं, घरात जरा पोरांचा आवाज होईल."

ताई त्यांच्याजवळ बसली. "भाऊ, तुमचं घर मला ठाऊक आहे. मुलं तिथे सुखानं राहतील. राहणार नाही ती मी. गुजराती शिकता येतं, मुलांशिवाय राहायला मी कुठे शिकू?"

भाऊंनी चष्मा पुसला. "अपील मंजूर," ते म्हणाले.

मे महिन्यात बोट सुटली. नैरोबीच्या शाळेत आनंद एक वर्ष खालच्या वर्गात बसला आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. दोन वर्षांनी शाळेतल्या एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, तेव्हा आमच्या मराठी सातवी पास ताईनं चार महिने गुजराती पोरांना गुजराती शिकवलं. तिनं कळवलं, "पोरांचे उच्चार माझ्यापेक्षा चांगले आहेत, पण शुद्धलेखन माझं चांगलं."

१९५७ मध्ये हेमा तिथली परीक्षा पास होऊन कॉलेजसाठी परत आली आणि ठाण्याला भाऊंकडेच राहिली. प्रवेशाचा अर्ज भाऊंनी स्वतःच्या हातानं भरला. 'शिक्षणाचे माध्यम' या रकान्यापाशी ते थांबले. मराठी लिहिलं, गुजराती लिहिलं, इंग्रजी लिहिलं आणि जागा संपली. मग काउंटरवरच्या कारकुनाला त्यांनी भर गर्दीत, छाती काढून सांगितलं, "रकाना लहान पडतोय. पुरवणी द्या."