इंदूबाईंनी दाबलेला चौरस

इंदूबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिसरीच्या पोरांना त्रिकोणाला कोपरे किती, हे विचारत होते. फोन ठेवला आणि मागच्या रांगेतून एक पोरगी ओरडली, "तीन, मॅडम!" मला रडू यायच्या आधी हसू आलं. बाईंना ते आवडलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालते. पण खरं सांगायचं तर त्या हसण्याची अजून थोडी लाज वाटते.

आर्णीजवळच्या त्यांच्या शाळेत मी शिक्षणसेविका म्हणून रुजू झाले, ती वर्षं कापसाच्या पडझडीची. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव पेपरात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठीच यायचं. कॅमेरेवाले गाड्या घेऊन गावात यायचे आणि पोरांना उदास चेहऱ्याने उभं राहायला सांगायचे. मुख्याध्यापिका इंदूबाई त्यांना फाटकातूनच वाटेला लावायच्या. "आमची पोरं हसून राह्यली. तुमच्या कामाची नाही." बाई अंगाने किरकोळ, पण आवाज असा की बैल बिचकावा. शाळेत शिक्षक दोनच, त्या आणि मी. त्यामुळे तो आवाज बहुतेक माझ्याच वाट्याला यायचा.

भूमितीशी माझं हाडवैर. घोकंपट्टी करून डी.एड. झालेली मी, पोरांकडूनही तेच घोकून घेत होते: "चार बाजू सारख्या, तो चौरस." एके दिवशी बाई वर्गात आल्या आणि त्यांनी फळ्यावर एका अंगाला कललेली, चारही बाजू सारख्या असलेली आकृती काढली. "हे काय होय रे?" "चौरस!" वर्ग गरजला, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. आठ दिवसांनी तपासणीला साहेब येणार होते. त्यांच्या शेऱ्यावर माझी नोकरी टिकायची होती, आणि तिकडे कळंबला माझ्या बाबांनी चिंतामणी गणपतीपुढे पेढे ठेवूनही टाकले होते. "उद्या वर्ग बाहेर," एवढंच म्हणून बाई निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाशी लावायची दोरी आणली. आमच्याकडे कपाशी चौफुलीवर लावतात, म्हणजे उभ्या-आडव्या ओळींत सारखं अंतर ठेवून, की मग तण काढायचा डवरा दोन्हीकडून चालावा. बाईंनी दोरीची टोकं बांधली, सारख्या अंतरावर चार गाठी मारल्या आणि चार पोरांच्या हातात दिल्या. झकास चौरस झाला. "रोशनी, तू अन् तुझ्या बाजूची, दोघी जराशा उजवीकडे सरका. दोरी ढिली नका सोडू." चौरस कलला. "बाजू बदलल्या काय?" "नाही, बाई." "मंग काय बदललं?" एकदम रोशनी किंचाळली, "कोपरे दबले, बाई! आमची चौफुली औंदा अशीच दबली. बाबाचा डवरा आडवा चालता चालता धुऱ्याच्या बांधात घुसला!" पोरं लोळायची बाकी राहिली. मग बाईंनी चौरस सरळ करून घेतला आणि चौघांना दोरीसकट फिरवून एका टोकावर उभा केला. "आता?" "शंकरपाळा!" "कोपरे दबले काय?" "नाही." "मंग चौरसच. तू खाटेवर तिरपी झोपली, तर दुसऱ्याची पोरगी होते काय?" त्या दिवशी मैदानात तिसरीच्या पोरांबरोबर चौरस मीही शिकले.

तपासणीला आलेल्या साहेबांनी फळ्यावर नेमका टोकावर उभा असलेला चौरस काढला आणि रोशनीला विचारलं. ती म्हणाली, "चौरस." "नीट बघ. हा चौरस नाही." रोशनीने माझ्याकडे पाहिलं. शेरा अजून लिहायचा होता. तरी तोंडातून निघालं, "सर, ती बरोबर आहे. कोपरे दबलेले नाहीत." साहेबांच्या भुवया वर गेल्या. बाई तोवर दोरी घेऊन हजर! "साहेब, तेवढी गाठ धरता काय?" भला माणूस, त्यांनी मैदानात येऊन खरंच गाठ धरली. पोरं फिरली, साहेबही फिरले, आणि रोशनीने हुकूम सोडला, "साहेब, तुमचा कोपरा दबला!" साहेब पोट धरून हसले, मग मुकाट्याने एक पाऊल सरकून नीट उभे राहिले. शेरा चांगला मिळाला. साहेब गेल्यावर मी बाईंना विचारलं, "माझी चूक तुम्ही तेव्हाच का नाही सांगितली?" "जेवून घे. कायले डबा थंडा करून राह्यली?" याहून जास्त उत्तर त्यांनी कधीच दिलं नाही.

ते उत्तर मला गेल्या आठवड्यात मिळालं. बाईंच्या मुलीने त्यांच्या जुन्या टाचणवह्या माझ्या हवाली केल्या. रोजचा पाठ बाई त्यांत आधी लिहून काढायच्या. त्यातली एक मी नोकरीला लागायच्या कितीतरी आधीची. तिच्यात एका पानावर बाईंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलंय, "चार बाजू सारख्या, तो चौरस." माझंच वाक्य! खाली लाल शाईत: "चूक शिकवलं. कोपऱ्यांचं राहिलं. प्रत्येकाला गाठून सांगणे." आणि त्याखाली शाळा सोडून गेलेल्या त्या अख्ख्या वर्गाची नावं, पुढे बरोबरच्या खुणा. एका मुलीपुढे लिहिलंय, "नांदायला मुकुटबनला. जाऊन सांगितलं. चहा झाला."

एकाच मुलाच्या नावापुढे खूण नाही. चौकशी केली, तर तो यवतमाळला गवंडीकाम करतो म्हणे. भिंतींचे कोपरे धरण्यात त्याचा जन्म गेला, त्याला मी काय सांगणार... तरी रविवारी जाऊन सांगून येणार आहे.