वास घे, ताई

वरंधहून फोन आला तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. "ताई, विलासदादा आमच्या पडवीत पडले. उठत नाय." फोन करणाऱ्या बाईचा नवरा दोन महिने दारू सोडून पुन्हा प्यायला लागला होता आणि त्यालाच भेटायला माझा धाकटा भाऊ विलास सकाळच्या एसटीनं गेला होता. विलासला जीपमध्ये घालून महाडच्या दवाखान्यात आणेपर्यंत मी तिथल्या फाटकाशी उभी होते. तो जिवंत असेल का, हा माझ्या मनातला पहिला प्रश्न नव्हता. तो प्यायला तर नसेल ना, हा होता. लिहितानाही लाज वाटते... डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी त्याच्या तोंडाजवळ वाकले. लोकांना वाटलं, बहीण मुका घेतेय. मी वास घेत होते.

ही सवय त्यानंच मला लावली होती. घरात आम्ही दोघंच. मी शाळेत मास्तरीण, तो औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात. आधी दारू लागली की आधी कानात माणसं बोलायला लागली, ते आम्हाला कधीच कळलं नाही. ते आवाज गप्प करायला तो प्यायचा आणि प्यायला की आवाज वाढायचे. एकदा तो कोयता घेऊन दारामागे उभा राहिला, कारण मी त्याच्या भातात विष घालते असं त्या आवाजांनी त्याला सांगितलं होतं. त्या दिवसापासून मी माझ्याच भावाला घाबरत आले, तो सावरल्यावरही. इस्पितळातून परतला तेव्हा गोळ्यांची पाकिटं टेबलावर मांडून म्हणाला, "ताई, तू विचारू नकोस. विचारलंस की मी खोटं बोलेन. रोज मीच तुझ्यासमोर येईन, तू वास घे." आणि तो नऊ वर्षं आला, दिवेलागणीला, शाळेतल्या पोरासारखा आ करून. माझे मात्र दर संध्याकाळी हातपाय गार पडायचे.

पुढे त्यानं महाडजवळच्या सव गावात दारू सोडणाऱ्यांची रविवारची बैठक सुरू केली. महाडात व्यसनमुक्तीची पाटी लावली असती तर कुत्रंही फिरकलं नसतं, इथे कोण कुणाच्या ओळखीचं नाही? सवच्या गरम कुंडांवर मात्र खरूज-नायट्यासाठी माणसं येतातच. खांद्यावर टॉवेल असला की कुणी काही विचारत नाही. म्हणून नाते, पोलादपूर, वरंधची माणसं टॉवेल घेऊन यायची. विलास भाषणं ठोकत नसे. कोयत्याची गोष्ट सांगायचा, खिशातलं गोळ्यांचं पाकीट काढून दाखवायचा आणि विचारायचा, "मला अजून भीती वाटते. तुला वाटते का रे?" मग समोरचा बोलायला लागायचा. घरी जाऊन आपल्या माणसासमोर आपणहून तोंड उघडायचं, एवढी एकच त्याची सक्ती.

एकदा मी चुकले. एका संध्याकाळी त्याच्या अंगाला दारूचा असा भपकारा आला की मी अख्ख्या आळीला ऐकू जाईल एवढी ओरडले, त्याची पिशवी रस्त्यावर भिरकावली. बैठकीतला पोलादपूरचा सखाराम पिऊन दिवसभर त्याच्या मांडीवर ओकत होता, हे सांगायचीही सवड मी त्याला दिली नाही. दुसऱ्या दिवशी सखारामची बायको विलासचे उपकार मानायला आली, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो हसला. "तू ओरडलीस ते बरं झालं गो. गप बसली असतीस तर मी घाबरलो असतो."

विलास गेल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनाला, विहारातल्या शेवटच्या विधीलाच कुजबुज कानावर आली. दारुड्याच्या पडवीत गेला म्हणे, मग काय... बैठकीतलं तर कुणी फिरकलंच नाही. मला धास्ती बसली. हा एकटा गेला की सगळ्यांना घेऊन गेला? दोन रविवार मी घरातच बसले. तिसऱ्या रविवारी त्याचा टॉवेल खांद्यावर टाकला आणि सवला गेले.

कुंडाजवळच्या झाडाखाली पाचसहा जण लांब लांब बसले होते. एकमेकांकडे बघत नव्हते. शेवटी सखाराम उठला.

"ताई, खरं सांगा. दादा पिऊन तर नाय ना गेले? तेच प्यायले असतील तर आमचं काय खरं हाय?"

माझी नऊ वर्षांची भीती त्या सगळ्यांच्या डोळ्यांत होती. जी गोष्ट मी कुणालाही सांगणार नव्हते, ती मोठ्यानं सांगितली. "दवाखान्यात मी त्याच्या तोंडाचा वास घेतला. चहाचा होता. दुसरा कसलाही नव्हता."

कुणीतरी टॉवेलात तोंड घालून रडायला लागलं. सखाराम मात्र उभाच होता. मग माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. "बायको माहेरी गेलीय, ताई. घरी वास घ्यायला कोण नाय." डोळे गच्च मिटून त्यानं आ केला.

माझे हातपाय गार पडले, रोज पडायचे तसेच. मी खांद्यावरचा टॉवेल सावरला आणि वाकले.