छत वाजवून बघणारा पुंजाराम

पुंजारामला कुठंही बसायला सांगा, आधी तो काठी वर करून छतावर ठकठक करणार, कान देणार, मगच बूड टेकणार. शहागंजातल्या हॉटेलात तसं, मारुतीच्या देवळात तसं, न्हाव्याच्या दुकानातसुद्धा तसंच. हे खूळ आलं कुठून, याचं शेजारच्या कडूबाला मोठं कोडं होतं. विचारलं की पुंजाराम नुसता हसायचा. पण त्यापायी त्याच्या लेकीची, आशाची, दोन स्थळं फिसकटली होती. बाप चक्रम आहे, असं लोकांनी तोंडावर सांगितलं.

तिसरं स्थळ औरंगपुऱ्यातल्या आप्पासाहेबांचं. मुलगा चांगला, आशालाही पसंत. घर बघायला निघताना कडूबानं बजावलं, "आज काठी घरीच ठिव. पोरीचं वाटोळं करशील."

"ठिवतो," पुंजाराम म्हणाला, आणि आलाच काठी घेऊन.

बैठकीत शिरा आला. पुंजारामची नजर वर कडीपाटाच्या छताला चिकटलेली. थोडा वेळ त्यानं कळ काढली, पण राहवेना. काठी वर गेली, ठकठक झाली, आणि फळ्यांमधली माती थेट आप्पासाहेबांच्या शिऱ्यात! कडूबानं कपाळावर हात मारून घेतला.

"आमच्या घरात खोट दिसली व्हय?" आप्पासाहेब भडकले.

काठी पुंजारामच्या हातातून गळून पडली. "नाय मालक, घर पक्कं हाय," तो ओशाळून म्हणाला. "पोलीस ॲक्शननंतर मी न् माझा धाकटा भाऊ सांडू तेलंगणात कोळशाच्या खाणीत गेलो. सुरुंग उडाला की लोक तसंच आत घुसायचे. सांडूबी घुसला. वरून दगड आला. पुढं कायदा कडक झाला. सरदार म्हंजी टोळीचा मुकादम. त्यानं आधी एकट्यानं छत वाजवायचं, बद्द वाजलं तर खांब लावायचा. त्यानं 'या' म्हणल्याबिगर कुणी आत जायचं नाय. मी सरदार झालो. मंग माझा एकबी गडी खांद्यावर बाहेर आला नाय. इथं माझी लेक राहनार, मालक. न वाजवता कशी धाडू?"

आप्पासाहेब शिऱ्यातली माती बोटानं बाजूला सारू लागले. तेवढ्यात त्यांच्या पत्नी, द्वारकाबाई, पदर सावरत बाहेर आल्या. त्यांनी काठी उचलून पुंजारामपुढं धरली.

"इवाई, सैपाकघर राह्यलं की. सून तिथंच जास्ती राहनार."

'इवाई' म्हणजे व्याही! ते ऐकून कडूबाचा जीव भांड्यात पडला. पुंजारामच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. काठी घेऊन तो एकटाच आत गेला. बराच वेळ ठकठक चालली होती. द्वारकाबाई आपल्याच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबून होत्या. आतून "या" ऐकू आलं, तेव्हाच त्यांनी पाऊल आत टाकलं.